भोवत्यांचा रातथारा

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सूर्य नुकताच बुडाला होता आणि मी एका गायरानात मांडीइतक्या गवतातून भराभर चालले होते. पायापासून दहा पावलांवर गवत फडफडलं. एक पक्षी वर उठला, मग दुसरा, मग एकदम सात-आठ. लांब पंख, सडपातळ अंग, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. भोवत्ये होते ते, गवतावरून खालून खालून उडणारे शिकारी पक्षी. त्यातला एक डोक्यावरून इतका खालून गेला की पंखांचा आवाज ऐकू आला. मी हरखून कॅमेरा वर केला, तेवढ्यात मागून हाक आली.

“ओ ताई! तठे नका जाऊ. रातले त्या तठे झोपतस.”

हाक मारणारे बाबा साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ. दसरा-दिवाळी झाली की ही मंडळी मेंढरं घेऊन घर सोडतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत गावोगाव फिरतात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात, त्यावर त्यांचं चालतं. त्या दिवशी त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, गायरानाच्या कडेलाच पडला होता. बाबा जवळ आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की आठ दिवसांपासून ही पाखरं रोज याच गवतात उतरताहेत, आता अंधारात दुसरी जागा कुठे शोधतील, आणि रात्री इकडे कोल्हे फिरतात. मी वर पाहिलं. पक्षी अजून घिरट्या घालत होते, पण दर फेरीला थोडे लांब जात होते. मग दिसेनासे झाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांना पाहायला म्हणून गेले होते, त्यांनाच मी अंथरुणातून उठवून लावलं होतं.

मी भुसावळला शाळेत विज्ञान शिकवते. हतनूरच्या बॅकवॉटरला सहा वर्षांपासून जाते आहे. इकडे राहणाऱ्या पक्षीवेड्या माणसाला हतनूर म्हणजे माहेर. तापी आणि पूर्णा चांगदेवला एकमेकींना मिळतात आणि त्या संगमाच्या खाली, हतनूर गावाजवळ, ४१ दरवाज्यांचं धरण आहे. पूर्णा विदर्भातल्या काळ्या जमिनीतून येते आणि येताना ती माती घेऊन येते. हा गाळ धरणात साचत जातो. धरणाला ते दुखणं आहे, पण त्या गाळामुळेच कितीतरी ठिकाणी पाणी उथळ झालं, पाणकणीस वाढलं, आणि पाणी ओसरलं की लांबच लांब चिखलपट्ट्या उघड्या पडू लागल्या. बदकांना आणि चिखलात चोच खुपसून खाणाऱ्यांना याहून काय हवं?

मी आधी फक्त पाण्यावरचेच पक्षी पाहायचे. सप्टेंबरात पिवळे धोबी आणि तुतवार येऊन पोचतात, पाठोपाठ बदकं. नोव्हेंबर सरता सरता पाणी गजबजून जातं. थापट्या पसरट चोच पाण्यावर घासत गोल गोल फिरत असतो, तलवार बदकाची शेपटी सुईसारखी वर निघालेली असते, आणि मोठ्या लालसरीच्या नराचं डोकं अर्ध्या किलोमीटरवरूनही निखाऱ्यासारखं दिसतं. वारकरी पक्षी तर शेकड्यांनी. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून वारकरी. आषाढीला मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरीला जाते आणि कार्तिकात हे वारकरी थव्याने इथल्या पाण्यावर उतरतात. दरवर्षी पहिला थवा दिसला की मला हे आठवतं आणि दरवर्षी तितकंच बरं वाटतं.

मोजायला मला नानांनी शिकवलं. नाना रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यांची स्वतःची स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं पाहायची मोठी दुर्बीण, आहे आणि हतनूरच्या नोंदींच्या अकरा वह्या आहेत. थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, दहा पक्षी किती जागा व्यापतात ते नजरेत बसवायचं, त्यावरून शंभराचा तुकडा ठरवायचा आणि तो तुकडा थव्यावरून पुढे पुढे सरकवत न्यायचा. याचा सराव नानांनी माझ्याकडून स्टीलच्या परातीत करून घेतला. मूठभर ज्वारी परातीत टाकायची, पाच सेकंद बघायचं, आकडा सांगायचा आणि मग दाणे मोजायचे. पहिला आठवडाभर मी दरवेळी खऱ्याच्या निम्मा आकडा सांगत होते. नाना म्हणाले, नवखा माणूस कमीच सांगतो. दाटी असली की डोळा आतले दाणे सोडून देतो. घरी सासूबाईंनी विचारलं, हे काय चाललंय? त्यांनाही मोजायला बसवलं. त्यांचा अंदाज माझ्याहून कितीतरी जवळ आला. आयुष्यभर धान्य निवडलेली नजर ती.

तर त्या नोव्हेंबरात गायरानात मी कशी पोचले ते सांगते. बॅकवॉटरवर दलदली भोवत्या नेहमीचा. पाणकणसावरून खालून खालून उडत येतो, बदकांचा सगळा थवा उठवतो, फार करून रिकाम्या पायांनीच पुढे जातो. त्या दुपारी तिथे एक वेगळाच भोवत्या दिसला. बारीक अंगाचा, राखाडी, पंखांवर काळी रेघ. माँटेग्यूचा भोवत्या, नर. ऊन कलल्यावर तो पाणी सोडून दक्षिणेला, चढाच्या बाजूला निघाला. थोड्या वेळाने आणखी एक त्याच दिशेला गेला. मग आणखी दोन. पाणी सोडून हे संध्याकाळी कुठे जातात? मी स्कूटर काढली आणि त्यांच्या मागे गेले. रस्ता संपला तिथे गायरान होतं. पुढचं सांगून झालंच आहे.

गावाचं नाव मी लिहीत नाही, आणि ते जाणूनबुजून लिहीत नाही. भोवत्ये जमिनीवर झोपतात. झाडावर नाही, कड्यात नाही, उघड्या माळावर गवतात. दिवसभर एकेकटे हिंडतात आणि रात्री पन्नास-शंभर एकत्र येतात. अशा जागेला रातथारा म्हणतात. जागा कळली की चार गाड्या येतात, ड्रोन येतो, आणि एका संध्याकाळी मी जे केलं ते रोज व्हायला लागतं.

दुसऱ्या दिवशी नानांना सगळं सांगितलं. ते आधी बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “आता तू यांची मोजणी करायचीस. पूर्ण हंगाम, मार्चपर्यंत. दर दहा दिवसांनी. आणि तीनशे मीटरच्या आत पाय टाकायचा नाही.” मी विचारलं, आपल्या वह्यांमध्ये या माळाची नोंद कशी नाही? ते म्हणाले, “आपण पाण्याकडे तोंड करून बसलो होतो.” मग शहाद्याचं सांगितलं. रान पिंगळ्याची १८८४ नंतर पक्की नोंद नव्हती, पक्षी संपला असंच धरलं गेलं होतं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्याच खानदेशात, शहाद्याजवळच्या जंगलात, तो पुन्हा दिसला. तो तिथेच राहत होता.

रातथाऱ्याची मोजणी बदकांच्या मोजणीपेक्षा फार वेगळी असते हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. पाण्यावरचा थवा बसलेला असतो, तुम्हाला वेळ देतो. इथे पक्षी येतात, बसतात, उठतात, दुसऱ्याला उठवतात, आणि प्रकाश दर मिनिटाला कमी होत जातो. त्यात आणखी एक अडचण. गवतात उतरायच्या आधी भोवत्ये शेजारच्या नांगरलेल्या उघड्या शेतात येऊन बसतात. ढेकळांत ढेकळासारखे. पंधरा-वीस मिनिटं तिथे बसून मग एकेक करून गवताकडे येतात. पहिल्या दिवशी मी ते शेतातलेही मोजले आणि तेच गवतात उतरताना पुन्हा मोजले. आकडा आला ३८. नानांचा १९. चूक माझी होती, कारण नाना फक्त गवतात उतरलेलेच धरत होते.

मग आम्ही पद्धत बसवली. सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचायचं. नोव्हेंबरच्या शेवटी इकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे सव्वाचारला जागेवर. मी पश्चिमेच्या बांधावर बसायचं, म्हणजे ऊन पाठीशी राहतं आणि पक्ष्याचे रंग कळतात. नानांनी पूर्वेला पळसाखाली बसायचं. सूर्य बुडाल्यावर मला काही दिसेनासं होतं. नानांना मात्र उजळ आकाशासमोर काळ्या आकृती दिसत राहतात. पहिला दीड तास माझा, शेवटची पंचवीस मिनिटं त्यांची. डाव्या मुठीत टॅली काउंटर: पक्षी गवतात उतरला की एक दाब. उजव्या हातात पेन्सिल: उठून दूर गेला की वहीत एक रेघ. शेवटी दाबांतून रेघा वजा. मध्ये फोन नाही, बोलणं नाही. दोघांचे आकडे जमले नाहीत तर सरासरी काढायची नाही, दोन्ही लिहायचे. नानांचा यावर फार कटाक्ष. सरासरी काढली की चूक लपते, म्हणतात.

ओळख पटवणं हे तर वेगळंच प्रकरण. नर सोपे. माँटेग्यूचा राखाडी आणि पंखावर काळी रेघ. पांढुरका भोवत्या धुतलेल्या कपड्यासारखा फिकट, पंखाच्या टोकाला काळी पाचर. पण बहुतेक पक्षी माद्या किंवा पहिल्या वर्षाची पिल्लं असतात, आणि दोन्ही जातींच्या माद्या-पिल्लं तपकिरी, शेपटीवर पट्टे, मुळाशी पांढरं. पांढुरक्याच्या पिल्लाच्या मानेभोवती एक फिकट पट्टी असते, ती नीट दिसली तर दिसली. पहिले दोन आठवडे मी प्रत्येकाला काहीतरी नाव देत होते. रिकामा रकाना मला बघवत नव्हता. नानांनी वही पाहिली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं: “सहा वाजून दोन मिनिटांनी तुला मानेची पट्टी दिसली?” नव्हती दिसली. त्या दिवसापासून ‘तपकिरी, अनिश्चित’ असा रकाना आखला, आणि हंगामभर सगळ्यात जास्त नोंदी त्याच रकान्यात पडल्या. शाळेत मी मुलांना निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक दरवर्षी शिकवते. मला तो त्या बांधावर कळला.

बाबांचा वाडा तेव्हा गायरानाच्या उत्तरेला होता. मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडून झाली की ते बांधावर येऊन बसायचे आणि मोजणी संपल्यावर एकच विचारायचे, “आज कितला शेतस?” मी आकडा सांगायचे. ते मान हलवायचे, किंवा म्हणायचे, नाही, दोन मागाहून आले, शेंड्याकडच्या गवतात. आणि ते बरोबर असायचं. मेंढरं मोजणारा माणूस. शंभर-सव्वाशे मेंढरं दाटीने वाघरीत शिरताना एक कमी असलं तर त्यांना कळतं. गवतही त्यांनीच ओळखायला शिकवलं. कुठे मारवेल, कुठे शेडा, कुठे नुसती कुसळ. भोवत्ये मारवेलात बसत नव्हते, कारण मेंढरांनी ते खालपर्यंत कुरतडलेलं होतं. ते कुसळीत बसत होते, कारण कुसळं पिकल्यावर ती मेंढरांच्या तोंडाला टोचतात, म्हणून बाबा मेंढरं तिकडे वळवतच नाहीत. रातथारा नेमका तिथेच का, याचं उत्तर इतकं साधं होतं.

पहाटेची मोजणी मला जास्त आवडायची. डिसेंबरात अंधारात निघायचं, वरणगाव मागे टाकायचं, हाताची बोटं स्कूटरच्या मुठीवर बधिर. केळीच्या बागांना बाधेल अशी थंडी असते त्या दिवसांत. बाबांच्या चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा व्हायचा. मग पूर्व जरा उजळली की गवतातून पहिला पक्षी निघायचा, न बोलता, न ओरडता, जसा काही वाफेतून. पाच मिनिटांत दुसरा. मग भराभर. सूर्य वर येईस्तो जवळजवळ सगळे गेलेले असत. काही बॅकवॉटरकडे, गाळपेरीतल्या हरभऱ्यावर, काही कपाशीच्या, तुरीच्या शेतांवर, काही माळावरच. पाणी, शेत आणि माळ असे तीन वेगळे भाग मी मनात पाडून ठेवले होते. पक्ष्यांना ते एकच गाव होतं: पाण्यावर आणि शेतात पोटाची सोय, माळावर पाठ टेकायला जागा.

हे पक्षी येतात कुठून? कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ मैदानांतून. तिथेही ते जमिनीवर, गवतातच घरटं करतात. भारतात ज्या भोवत्यांना उपग्रह टॅग लावले, त्यांतले काही कझाकस्तानात गेल्याचं नकाशावर दिसलं आहे. म्हणजे जन्मापासून मरेपर्यंत ज्याला गवत सोडून दुसरा निवारा नाही असा हा पक्षी. जगातल्या सर्वांत मोठ्या रातथाऱ्यांपैकी एक गुजरातेत, भावनगर जिल्ह्यातल्या वेळावदरला आहे. आमच्याकडे गुरं घेऊन येणारे काठेवाडी त्याच सौराष्ट्रातले. एकदा एका काठेवाडी काकांना मी मोबाइलवर भोवत्याचा फोटो दाखवला. त्यांनी लगेच मान डोलावली, आमच्या विडीत असतो, म्हणाले. विडी म्हणजे राखलेलं गवताचं रान. तिथे त्याला वेगळा शब्द आहे, म्हणजे त्याला वेगळी किंमतही आहे.

भोवत्ये रात्री जिथे बसतात तिथे सकाळी गोळ्या टाकतात. न पचलेले केस, पिसं, किड्यांची कवचं यांची अंगठ्याच्या पेराएवढी गोळी तोंडावाटे बाहेर पडते. महिन्यातून एकदा, भर दुपारी, पक्षी सगळे बाहेर असताना, आम्ही कडेकडेने वीस मिनिटं फिरून त्या गोळा केल्या. मांडीच्या उंचीच्या गवतात बशीएवढ्या दबलेल्या बैठका दिसल्या. एका बैठकीत एक राखाडी पीस होतं. मी ते उचललं नाही.

गोळ्या आठवीच्या वर्गात नेल्या. हातमोजे, मास्क, कोमट पाणी, चिमटे, पांढऱ्या बश्या. मुलांनी चार तासिका घालवल्या आणि मधली सुट्टीही सोडली. बहुतेक माल नाकतोड्यांचा निघाला: काटेरी पाय, आणि चकचकीत तपकिरी जबडे. एका नाकतोड्याचे जबडे दोन, म्हणून मोजायचं सूत्र मुलांनीच काढलं. एका गोळीत ३१ जबडे निघाले, म्हणजे निदान १६ नाकतोडे. दुसऱ्या एका गोळीत उंदराचे केस आणि नारिंगी रंगाचे पुढचे दात. एका मुलीने विचारलं, आमच्या शेतात फवारणी होते, मग ते नाकतोडे यांनी खाल्ले तर? मी खरं ते सांगितलं, की विष नाकतोड्याबरोबर पोटात जातं. तिने वहीत लिहून घेतलं आणि घरी वडिलांना वाचून दाखवलं. पालकसभेला ते मुद्दाम मला भेटायला आले, पण फवारणीबद्दल काही बोलले नाहीत. पाखरं कुठे झोपतात, ते तेवढं विचारलं.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. आपल्या भागात ती १९८७ पासून चालू आहे. त्या दोन रविवारी हतनूरला गर्दी होती, जळगावहूनही मंडळी आली, स्कोपांची रांग लागली. राजहंसांचा एक थवा आला होता, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले, हिमालय ओलांडून येणारे. सगळे त्यांच्याभोवती. मलाही आनंद झाला. पण दुपारी चारला मी तिथून निघाले, कारण माळावर त्या दिवशी मोजणी होती. आकडा आला ४६. हंगामातला सर्वांत मोठा.

आठवड्याने गेले तर गायरानाच्या पूर्वेच्या अर्ध्यात जेसीबी उभा होता. सलग समतल चर खणायचं काम चालू होतं, मग तिथे रोपं लावायची होती. काम कोणत्या खात्याचं ते लिहीत नाही. देखरेख करणारे गृहस्थ सज्जन होते, त्यांनी मला नकाशाही दाखवला. नकाशावर तो सगळा माळ ‘पडीक’ या रंगात होता. मी म्हटलं, इथे पक्षी झोपतात. ते म्हणाले, झाडं लावल्यावर अजून येतील ना मॅडम. मी त्यांना समजावून सांगत राहिले की हे पक्षी झाडावर बसून झोपत नाहीत, झाडं दाटली की हे येणारच नाहीत, की गवत हीच इथली हिरवाई आहे. माझा आवाज कापत होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि जेसीबीवाल्याला हात केला.

त्या संध्याकाळी पक्षी आले, उकरलेल्या मुरमावरून फिरत राहिले आणि पश्चिमेच्या अर्ध्यात उतरले. आकडा २१. बाबांनी विचारलं. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसते चरांकडे बघत राहिले.

२६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली होती. मी अर्ज लिहिला, नानांनी वह्यांमधले आकडे काढून जोडले. सभेत मी भोवत्यांबद्दल पाच मिनिटं बोलले. लोकांनी शांतपणे ऐकलं, पुढच्या रांगेतल्या एकाने तर टाळीही वाजवली, आणि विषय पुढे सरकणार एवढ्यात बायकांच्या बाजूने एक शेळ्यावाली मावशी उठली. ती म्हणाली, “गवत बुजवलं, चर काढले. आता आमची ढोरं काय त्या चरात चरतील?” सभा हलली ती तिथे. मग चौघं-पाचजण उठले. गवताच्या लिलावाचे पैसे ग्रामपंचायतीला मिळतात, ते बुडतील, हे निघालं. उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागेल, हे निघालं. मी खाली बसले आणि ऐकत राहिले. मी दोन-अडीच महिने दुर्बिणीतून जो माळ पाहत होते, तो त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिला होता, आणि त्यांना तो वाचवायला माझ्या आकड्यांची गरज नव्हती. त्यांना बोलायला कोणी विचारलेलं नव्हतं, एवढंच. ठराव झाला: पश्चिमेचा अर्धा भाग गवतासाठी राखायचा, तिथे चर नकोत. पूर्वेचा गेला तो गेला.

राहिलेल्या भागाचं गवत लिलावात ज्यांनी घेतलं, त्यांच्याकडे नाना आणि मी जाऊन बसलो. भरीत-भाकरी खाऊ घालून त्यांनी आमचं म्हणणं ऐकलं. कुसळीचा मधला पट्टा मार्च संपेपर्यंत कापायचा नाही, असं ठरलं. त्या पट्ट्याच्या गवताचे पैसे आम्ही दोघांनी दिले. फार नव्हते, माझ्या सोळा नाकतोड्यांच्या गोळीवरून त्यांच्या नातवाने मला ओळखलं होतं, म्हणून त्यांनी अजून कमी केले.

फेब्रुवारीत आकडा २८ पर्यंत चढला. बाबांचा वाडा तोवर हलला होता. ते आता बुलढाण्याच्या बाजूला होते, तिथल्या शेतांत मेंढ्या बसत होत्या. मोजणीच्या रात्री त्यांचा फोन यायचा. कितला शेतस? ते नसताना शेवटचे दोन-तीन पक्षी माझ्याकडून निसटत असणार, म्हणून मी वहीत त्या तारखांपुढे तशी खूण केली आहे.

मार्चमध्ये ऊन तापलं, पळस फुलून गेला, बॅकवॉटरवरची लालसरी एका रात्रीत निम्मी झाली. भोवत्ये तसे एकदम जात नाहीत. १७, मग ११. मग चार, त्यातला एक नर, फिकट, सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ गवतावरून फिरत राहिलेला. २० मार्चला तीन. २९ मार्चला मी सव्वापाचला बांधावर बसले. पावणेसातला सूर्य गेला. माळटिटव्या ओरडल्या, एक ससा बाहेर आला, नांगरलेल्या शेतात ढेकळं होती ती ढेकळंच निघाली. पूर्ण अंधार होईपर्यंत दोघेही बसलो. काउंटर दाबला गेला नव्हता. मी वहीत शून्य लिहिलं, नानांनी त्यांच्या वहीत शून्य लिहिलं, वेळ टाकली.

घरी पोचेस्तो फोन आला.

“कितला?”

“एक बी नही, बाबा.”

“घर गयात त्या,” बाबा म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, कुसळीचा पट्टा कापला का. मी सांगितलं, परवा कापणार आहेत. म्हणाले, खालून फार खरडू देऊ नका, ठोंब राहिले पाहिजेत. मी लगेच गवतवाल्या भाऊंना फोन लावला.